आठ सेकंदांची शांतता

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रेडिओवर रोज तासभर बडबडते आणि तुला दोन ओळी लिहीत नाही, हा तुझा टोमणा पोचला. पण कारण ऐक.

माझ्या दुपारच्या कार्यक्रमात लोक फोन करून मनातलं बोलतात. आमच्याकडे एक यंत्र आहे. आठ सेकंद कुणाचाच आवाज आला नाही, की ते आपलं आपण जाहिरात लावतं. मंगळवारी एक बाई नवऱ्याच्या आजारपणाबद्दल सांगता सांगता गप्प झाल्या. मी थांबले. तू बोलताना अडखळलास की घरी आम्ही थांबतो, तशीच. दादाचं वाक्य दादाच पुरं करेल, हे आईने लहानपणीच बजावलंय ना! तेवढ्यात यंत्राने साबणाची जाहिरात धडाक्यात वाजवली. बाईंनी फोन ठेवला.

साहेब म्हणाले, माणूस अडला की वाक्य तू पुरं करायचं, त्यासाठीच तुला बसवलंय. माझी तीन महिन्यांची मुदत चौदा तारखेला संपते. त्या दिवशी ते काचेपलीकडून ऐकणार आणि मला ठेवायचं की नाही ते ठरवणार. आत्तापासूनच जेवायचं विसरतेय.

वहिनीला नमस्कार.
तुझी,
छोटी


८ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

आधी वेळेवर जेवत जा. तुझी वहिनी म्हणते, काढलंच तर हिला आपल्या दुकानात बसवू. हिच्या बडबडीने गिऱ्हाईक दुरुस्त झालेलं घड्याळ न घेताच पळेल.

दुकानात तुझा कार्यक्रम लावलेलाच असतो. त्या बाई गप्प झाल्या तेव्हा मी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं होतं. तू थांबलीस ते मला आवडलं. काळजी करू नकोस, तुझ्या वाटची मी करतोच आहे.

दादा


१४ मार्च

ती. दादास,
नमस्कार कुठल्या तोंडाने लिहू?

डॉक्टरांना फोन करायचा तरी तो वहिनीला करायला लावणारा माणूस तू. तू फोन करशील असं स्वप्नातही आलं नव्हतं. 'मला सांगायचंय की' एवढं बोललास आणि अडलास. आवाज मी लगेच ओळखला. काचेपलीकडे साहेब. पाच सेकंद झाले, सहा झाले. आणि मी म्हणून टाकलं, तुम्हाला घरच्यांची आठवण येते, हो ना? तू 'हो' म्हणालास आणि फोन ठेवलास.

साहेबांनी मान डोलावली. नोकरी पक्की झाली. मी बाथरूमचं दार लावून रडले. तुला 'तुम्ही' म्हटलं, दादा. आणि आयुष्यात पहिल्यांदा तुझं वाक्य तोडलं, तेही साऱ्या गावादेखत. काय म्हणायचं होतं तुला? रागाव, पण लिही.

छोटी


१९ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

रागावलो होतो. दोन दिवस रेडिओ लावला नाही. वहिनीला सांगितलं, सेल संपलेत. तिने मुकाट्याने नवे आणून ठेवले.

मग आरशासमोर तेच वाक्य म्हणून बघितलं, हातात घड्याळ धरून. मी अडतो अकरा सेकंद. म्हणजे तू गप्प राहिली असतीस तरी मला साबणाने गाठलंच असतं. तेव्हा असं कर, मध्ये नुसतं 'हं' म्हण. यंत्राला तेवढा आवाज पुरेल, आणि तू ऐकतेयस एवढं मला पुरेल.

काय म्हणायचं होतं ते इथे लिहिणार नाही. लिहिताना मी कधीच अडत नाही, पण ते मला बोलूनच सांगायचंय. अठ्ठावीस तारखेला पुन्हा फोन करतो.

माझ्यावरचा लोभ अकरा सेकंद टिकव, पुढचं मी बघतो.

तुझा,
दादा