डोळे मिटण्याचा तास

८ जुलै १९३५
हेडमास्तर अप्पासाहेब दसऱ्याला रिटायर होणार. ती खुर्ची माझीच. दुसरं आहे कोण? फक्त शाळाखात्याच्या डेप्युटीसाहेबांना इन्स्पेक्शनमध्ये काहीतरी नवीन दाखवायला हवं. जीव थाऱ्यावर नाही.

९ जुलै
मेथड सापडली! डोळ्याचं आणि कानाचं ट्रेनिंग. ताटात वस्तू मांडायच्या, मुलांना दाखवायच्या, वर पंचा टाकायचा. मुलांनी आठवून सांगायचं. मग डोळे मिटून शाळेबाहेरच्या खडेबाजारातले आवाज ओळखायचे. घरी बायकोला, गुणाबाईला, सगळं समजावलं. म्हणाली, "व्हय. पर माझं ताट तेवढं परत आणा." संसारात शिक्षणाची कदर शून्य.

१२ जुलै
ताटातली माझी तपकिरीची डबी गायब! सगळ्या वर्गाची झडती घेतली. तिसरीतली अंजनी म्हणाली, "मास्तर, डबी तुमच्याच मुठीत हाय की." निरीक्षण बरं. आगाऊपणा जास्त.

१५ जुलै
कानाचा तास जेवणानंतर ठेवला. भरल्या पोटी कान स्थिर राहतो. मुलांपुढे आदर्श हवा, म्हणून मीही डोळे मिटतो. खुर्चीत उशी घेतली. पाठ ताठ राहते.

१९ जुलै
अप्पासाहेब टोचून म्हणाले, "मास्तर, तुमचा वर्ग दुपारचा लई शांत असतोय." हेवा! तास वाढवला.

२ ऑगस्ट
इन्स्पेक्शन झालं. डेप्युटीसाहेब वर्दी न देता नेमके कानाच्या तासाला आले. मी तेव्हा चिंतनात होतो. पुढचं अंजनीकडून कळलं. साहेबांनी हळूच विचारलं, काय काय ऐकू येतंय? एकाही पोरानं डोळे उघडले नाहीत. याला म्हणतात ट्रेनिंग! अंजनीनं सांगितलं, "तांबटाचा हातोडा. टांग्याची घंटी. आन् मास्तर घोरत्यात." साहेबांनी विचारलं, रोज? "व्हय. आता बारीक हाय. जरा थांबा सायेब, शिट्टी येतीया." आली म्हणे.
साहेबांचा शेरा : 'मुलांचे श्रवण उत्तम.' खाली माझ्याबद्दलही दोन ओळी आहेत. अक्षर लागत नाही. खुर्ची पक्की.

२० ऑगस्ट
हुकूम आला. बदली, कणकुंबी. शाळा एकशिक्षकी, म्हणजे तिथला हेडमास्तर मीच! जंगलात आवाजांना तोटा नाही. गुणाबाई येत नाही म्हणते.

२४ ऑगस्ट
आज निरोप. अप्पासाहेबांनी मुद्दाम कानाचा तास घ्यायला लावला. मुलांनी डोळे मिटले. मी मात्र टक्क जागा. अप्पासाहेबांनी विचारलं, काय ऐकू येतंय गं?
अंजनी म्हणाली, "तांबट. टांगा." बराच वेळ कान देऊन पुढे म्हणाली, "मास्तर गेलं वाटतं."
मी समोरच उभा होतो.