बाईच्या बदल्यात बाई

८ जुलै, मंगळवार
आईचा हात मोडला आणि घराला मी आठवले!

निलेश फोनवर म्हणाला, "ताबडतोब ये. पण संध्याकाळच्या एस्टीनं ये." सहा वर्षांनी घरी यायचं, तेही अंधार पडताना. भावाला माझी केवढी काळजी! मी मुद्दाम सकाळची एस्टी धरली. टाकव्याच्या पुढे गाडी रिकामी झाली आणि फाट्यापासून तासभर चिखल तुडवला.

वाटेत गावातले दोघे भेटले. एकानं आभाळाकडे पाहिलं, दुसऱ्यानं स्वतःच्या चपलेकडे. आमच्या गावाची बघायची पद्धत फार सभ्य आहे. पाठ वळली की मग पोटभर बघतात. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. सहा वर्षांपूर्वी इथून गेला तो त्यांच्या लेखी पुतळाबाईचा थोरला मुलगा. परत आली ती माधवी, साडी खोचून, डोक्यावर बॅग घेऊन.

आई उंबऱ्यावर बसली होती. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. म्हणाली, "भाकर हाय चुलीपाशी." मी खाल्ली.

९ जुलै, बुधवार
सावडीचं लफडं कळलं.

इथे भातलावणीला मजूर मिळत नाहीत, सावड असते. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्यांनी माझ्या. घरटी एक बाई द्यायची. दिली नाही तर तुमच्या बांधावर कावळाही फिरकणार नाही. आमच्या घरात बाया दोन. आईचा हात हा असा. वहिनी बारा दिवसांची बाळंतीण. निलेश आंबीला कंपनीत, आत्ता रजा मागितली तर कायमचीच मिळेल. रोप एकवीस दिवसांचं झालंय. अजून दहा-बारा दिवसांत लावलं नाही तर जून होऊन गुरांपुढे जाईल. मग वर्षभर काय शिजवायचं?

सावड चालवते धोंडाबाई. पासष्टीची, काटक, जिभेला धार. आई मला घेऊन तिच्या दारात गेली.

"माझ्या घरचं माणूस येईल लावणीला," आई म्हणाली.

"माणूस नगं. बाईच्या बदल्यात बाई. गडी असंल तर चिखलणीला धाडा."

"मग बाई येईल."

हे तीन शब्द आईनं मला सहा वर्षांत एकदाही ऐकवले नव्हते. धोंडाबाईला मात्र लगेच ऐकवले. मी आपली खांबाला टेकून उभी राहिले.

धोंडाबाईनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "इचारते गावाला."

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलायची नाही. धोंडाबाईचा नातू सनी पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, असं गावानं ठरवलंय. तीन वर्षांत एक दिवस सुट्टी दिली नाही अशी थोर कंपनी. तो सनी म्हणजे माझी निर्मला. लोणावळ्यात आम्ही एका खोलीत राहतो. ती चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला जाते. निघताना म्हणाली, "आजीचा दम कसा आहे बघून ये. पण माझं नाव काढू नकोस." नाही काढणार.

१० जुलै, गुरुवार
देवळात बैठक झाली. विषय : मी. पाणीयोजनेच्या बैठकीला सात माणसं असतात. आज बसायला जागा नव्हती.

निलेशनं येऊन सगळं सांगितलं, मान खाली घालून. कोणी म्हणालं अर्धी बाई धरा. म्हणजे आमच्या खाचरात अर्धा दिवस येणार आणि जेवायच्या सुट्टीला घरी जाणार! कोणी म्हणालं गडी धरा, टिलर चालवायला द्या. एका हुशार पोरानं मोबाईलवर कायदा शोधला, पण रेंज गेली. देशाचा कायदा आमच्या गावात रेंजपुरताच पोचतो.

शेवटी गावात ज्यांचा शब्द चालतो त्या श्रीपती आबांनी तोडगा काढला. रांगेच्या टोकाला, बांधाकडेला उभं करायचं. पण शेजारी कोण राहणार? सगळ्या बाया देवाकडे बघायला लागल्या. तेव्हा धोंडाबाई म्हणाली, "शेजारी मी ऱ्हाते."

म्हणजे पहाऱ्याची सोय झाली. बंदोबस्त हवाच. मी काय रोपं घेऊन पळून गेले तर?

११ जुलै, शुक्रवार
हॉटेलच्या मॅनेजरचा मेसेज. भुशीच्या रस्त्याला आमचं हॉटेल. जूनभर, प्राइड महिना म्हणून, तिथे रिसेप्शनवर माझा फोटो होता, "आमची माधवी! इथे सर्वांचे स्वागत आहे." मी स्वतः मात्र मागच्या बाजूला, तळघरात, चादरी धुते. गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून. आता लिहितोय की पोस्टर उतरवलंय, घरी लावायला हवं का?

नको म्हटलं. घरात मी स्वतः असते.

१२ जुलै, शनिवार
श्रीपती आबांच्या खाचरात पहिला दिवस. बारा बाया, अंगावर प्लास्टिकचे कागद, गुडघाभर चिखल. समाजानं पुढे गेलं पाहिजे असं भाषणांत ऐकते. लावणीत सगळेच मागे मागे सरकतात, त्यामुळे मला कोणी फार मागासलेलं वाटलं नाही.

धोंडाबाई माझ्या शेजारी, म्हणजे दीड हातावर. मी एक पाऊल तिकडे गेले की ती एक पाऊल पलीकडे. दिवसभर हेच. मध्ये दोनदा तिनं तोंड उघडलं. मला वाटलं आता शिवी येणार. "मूठ दे," म्हणाली. रोपाची मूठ तिच्या पायाशीच पडली होती.

हात विसरला नव्हता माझा. लहानपणी आईच्या शेजारी लावायचे, तेव्हाही सगळे हसायचे. कंबर मात्र विसरली आहे.

१३ जुलै, रविवार
आज दिवसभर हसू आवरत नाहीये.

सकाळी श्रीपती आबा रस्त्यानं चालले होते. वरून खाचराकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबले. सगळीकडे हिरवं, आणि एका कडेला या बांधापासून त्या बांधापर्यंत दीड हात रुंदीचा कोरा पट्टा! धोंडाबाईनं आपल्या हाताला येईल तेवढं लावलं, मी माझ्या. मधलं कोणाच्याच हाताला आलं नाही. गावाला माझ्यापासून किती लांब राहायचंय ते आता आख्ख्या आंदर मावळाला रस्त्यावरून दिसतंय.

"माझ्या खाचरातनं ह्यो रस्ता कुनी काढला?" आबा गरजले. "एक तर जवळ व्हा, न्हाईतर मला पट्टा भरून द्या."

पट्टा भरायला दोघींनाच उतरवलं. दीड हातात दोन माणसं एकमेकींना न लागता वाकू शकत नाहीत, हे आबांच्या ध्यानात आलं नव्हतं. धोंडाबाईचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मग लागतच राहिला. तिला धाप लागत होती म्हणून मी तिच्या वाट्याचंही लावलं.

माझे हक्क वगैरे कोणाला पटले नाहीत. दीड हात जमीन वाया गेली ते मात्र ताबडतोब पटलं. चालेल, कशानं का होईना.

१६ जुलै, बुधवार
आजच्या खाचरात पट्टा नाही. एकीनं विचारलं, "भुवया कुटं करतीस गं?" सांगितलं. लगेच चौघी जवळ सरकल्या. क्रांती!

१७ जुलै, गुरुवार
रोज दोन-दोन उरकत सगळ्यांची खाचरं लावून झाली. उद्या आमचं. शेवटचं.

आई म्हणाली, "येत्यात का बघू." आता त्यांचं काही अडलेलं नाही. आज मला कोणावर टोमणा सुचत नाही. भीती वाटते आहे.

१८ जुलै, शुक्रवार
आठ वाजले, कोणी नाही. नऊ वाजले, कोणी नाही. आई बांधावर उभी, प्लास्टरवर पिशवी बांधून. मी एकटीच लावायला लागले. एका माणसानं आमचं खाचर लावायला गणपती उजाडले असते. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माझ्यामुळंच तुला हे बघावं लागतंय." मला म्हणावंसं वाटलं की उलट आहे. मी पुढची मूठ उचलली.

साडेनऊला उतारावर निळे-पिवळे कागद दिसले. पुढे धोंडाबाई, मागे दहा जणी. कोणाला ताप होता, कोणाच्या घरी पाहुणे, कोणाचं वासरू सुटलेलं. धोंडाबाई एकेकीच्या दारात जाऊन उभी राहिली होती. "बाईच्या बदल्यात बाई ठरलं हुतं," ती धापा टाकत म्हणाली. "मोडायचं व्हय?"

मला रडू आलं. लपवता आलं नाही, दोन्ही हात चिखलात होते.

ती माझ्याशेजारी आली, कोपराला कोपर लागेल इतकी. दुपारी बाकीच्या जेवायला बांधावर गेल्या, ही मागे राहिली. खालमानेनं म्हणाली, "तितं लोनावळ्याला... आमचा सनी दिसतो का गं?"

माझ्या हातातली मूठ पडली.

"पयल्या दिसापासनं इचारायचं हुतं. म्हनून तर तुझ्या बाजूला उभी ऱ्हायले. जीभ उचलंना."

आणि मी सहा दिवस पहारा म्हणून तिला मनात शिव्या घालत होते. गाव ओळखायला मी फार हुशार, नाही का? मी कशीबशी म्हणाले, "बरी आहे, मावशी." 'बरी' ऐकून तिनं हातातलं रोप चिखलात रोवलं.

"नाव काय लावती आता?"

"तिला विचारून सांगते."

"इचार. हाक मारायला नाव पायजे."

१९ जुलै, शनिवार
टेकडीवर रेंज येते. निर्मलाला फोन केला. आजीनं विचारलेलं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "सांग तिला. आणि विचार, सगळ्यांसमोर घेईल का माझं नाव? एकांतात घ्यायचं असेल तर नको."

उतरून तसंच सांगितलं. धोंडाबाईनं नाव दोनदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग शेळ्या सोडायला गेली. निर्मलाला काय कळवू?

२१ जुलै, सोमवार
सकाळी देवळापुढे खुरपणीची सावड ठरली. श्रीपती आबा घरटी बाईचं नाव विचारत होते. धोंडाबाईची पाळी आली.

"माझा गुडगा चालंना," ती म्हणाली. "आमच्या घरनं निर्मला येईल."

"कोन निर्मला?"

"माझी नात. म्होरचं घर घ्या."