मशीनवरचा निळा पंजा

प्रिय संजू,

तुझा व्हॉइस मेसेज गुरुवारी आला. केवढी हसत होतीस, मागे आईचं 'अगं आधी जेव तरी' चालूच. 'दादा, डिसेंबरमध्ये बर्फाचा हॉल परत उघडतोय, कॅम्प आहे, मी शाळेत राजीनामा देतेय!' आणि मी काय केलं, तर नुसता अंगठा पाठवला. तुला राग आला असणार. पण फोनवर बोललो असतो तर भांडण झालं असतं आणि तू फोन कट केला असतास. म्हणून आज रविवारी कपडे वाळत टाकले आणि लिहायला बसलो. फोटो काढून फोनवर पाठवतोय, आठवी नापासाचं अक्षर आहे, लावून वाच.

इकडे परदेशात, तुआसमध्ये, आमच्या भंगार मशिनींच्या यार्डातल्या लोखंडाला नुसता हात लागला तरी चटका बसतो. जुन्या मशिनी येतात, त्या आम्ही खोलतो, घासतो, रंगवतो, की मालक नवीन म्हणून विकायला मोकळा. घाण काम आहे. पाइपातून मेलेले उंदीर निघतात, सडकं पाणी निघतं, साबण लावला तरी जेवताना हाताला वास येतो. त्याची आता सवय झाली. पण ह्या आठवड्यात एक मशीन आलं, त्याची सवय व्हायची नाही. ते सांगतोच.

तुला ते डोंगरातलं गाव आठवतं ना? पप्पांचं वर्कशॉप बंद पडलं ते वर्ष. आपल्या भोसरीत गल्लीच्या गल्ली शटर खाली, आणि तू मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकांच्या स्केटवर शिकून थेट हिवाळी खेळांच्या टीममध्ये. घरचं कुणीतरी सोबत हवं म्हणून मी आलो. तिथं तर आपल्याहून वाईट हाल. झाडूवाल्यांचे पगार थकलेले, ते हॉलच्या गेटपाशी धरणं धरून बसलेले. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्यांच्यासमोर स्वागताचं हे एवढं मोठं बॅनर बांधलं. माणसं हलली नाहीत, फक्त दिसेनाशी झाली. चहावाला मला म्हणाला, "भैया, बरफ तो हमारे यहाँ मुफ़्त में गिरती है, ये साहब लोग क़र्ज़ा लेके जमा रहे हैं!" मी खो खो हसलो. मला काय, आत माझी बहीण बर्फावर गोल गोल फिरत होती, मी शिट्ट्या मारत होतो.

उद्घाटनाला तुम्हा पोरांचे हात निळ्या रंगात बुडवून त्या मोठ्या बर्फ गोठवायच्या मशीनवर ठसे घेतले होते, आठवतंय? भाषण झालं, की हा हॉल ह्या मुलांचा आहे, कायमचा. तुझा डावा पंजा अगदी कोपऱ्यात. पार्किंगमध्ये पडून वाकडी झालेली करंगळी तू लपवत होतीस, तर तुमचे कोच अभय सर, त्यांनीच ती सरळ दाबून धरली.

पुढच्या वर्षी तू परत गेलीस तर हॉलमध्ये बटाट्याची पोती आणि लग्नाच्या खुर्च्या. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत धूळ, हे तूच रडत सांगितलं होतंस. विजेचं बिल कोण भरणार म्हणून कुलूप. तरी दर डिसेंबरला तू स्केटच्या पात्यांना तेल लावून बसतेस. शाळेच्या पोरांना स्केटिंग शिकवायची ही नोकरी मिळाली तेव्हा मला बरं वाटलं होतं, म्हटलं सुटली एकदाची.

आता हॉलवाल्यांनी तुम्हाला काय कळवलं? मशीन सर्व्हिसिंगला गेलंय, डिसेंबरपर्यंत येईल, कॅम्पचा खर्च आपापला. होय ना?

संजू, ते मशीन सर्व्हिसिंगला गेलेलं नाही. ते विकलंय. ते माझ्यासमोर उभं आहे. मंगळवारी कंटेनरमधून उतरवलं, मी नळी मारून चिखल धुतला आणि खालून निळे पंजे वर आले. मी एकेक बघत गेलो. कोपऱ्यात वाकडी करंगळी. इथून ते मासे गोठवायच्या कारखान्यात जाणार, गिऱ्हाईक ठरलंय. फोरमनला म्हटलं, हा माझ्या बहिणीचा हात आहे, एवढा पत्रा कापून देतोस का? तो इथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाला, "कस्टमरला पूर्ण मशीन पाहिजे, लाह. घास लवकर."

बाकीचे पंजे शनिवारपर्यंत घासून झाले. तुझा तेवढा ठेवलाय. उद्या सकाळी त्याच्यावर ग्राइंडर फिरणार, आणि तो मीच फिरवणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. तू राजीनामा देऊ नकोस. दिला असशील तर उद्याच शाळेच्या मॅडमकडे जा आणि परत माग. मला शिव्या घाल, पण तिकडे जाऊ नकोस गं. तिथं आता काहीच नाही.

तुझाच,
उद्धवदादा