तिसऱ्या फळीच्या अलीकडे

रविवार, १२ मार्च

प्रिय ठमाबाई,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा जिना चढायची वेळ आली की दुखतो, उतरताना मात्र काही तक्रार नसते. मोरीतला नळ शेवटी मी स्वतः दुरुस्त केला आणि दुसऱ्या दिवशी प्लंबरला बोलावलं. तुझ्या खोलीतला पंखा कुरकुरायचा, त्याला तेल घातलं. आता आई म्हणते की त्या खोलीत कुणीच नसल्यासारखं वाटतं. कुरकुर परत कशी आणायची ते मला माहीत नाही.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून आई पाठवते आहे त्या स्वेटरच्या घडीत हे पत्र ठेवतो आहे. चोरून नाही. तिनेच घडी सैल करून दिली.

बातमी अशी, की आमच्या कंपनीच्या उड्यांच्या व्हिडिओ-खेळाला पुन्हा एक मान मिळाला. ‘आजवरचा सर्वांत निर्दोष’ वगैरे. अभिनंदनाचे फोन आले ते आमच्याच जुन्या लोकांचे. आधीच्या बक्षिसाची पितळी बाहुली बाल्कनीच्या दाराला अडसर म्हणून लावली आहे, तिथे ती छान काम करते. नवी आली की स्वयंपाकघराच्या दाराचीही सोय होईल.

परवा ऑफिसात एक नवी चित्रकार आली. मी अगदी सहज विचारल्यासारखं दाखवून विचारलं, “आमचा खेळ खेळलीस का?”

“हो सर, पूर्ण केला. फार सुंदर आहे.”

तिच्या पिशवीला मात्र समोरच्या कंपनीच्या खेळातला फेंगडा बेडूक लटकत होता. तुला तो आठवत असेल. भिंतीत अडकायचा, कॅमेरा भलतीकडेच बघत बसायचा, समीक्षकांनी तर त्याची सालटी काढली होती. त्या खेळात एक दार आहे, ते उघडतच नाही. मला आतली गोष्ट ठाऊक आहे. दारामागची खोली बनवायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. पण लोक अजून त्या दारावरून भांडतात, एकमेकांना शोधून भेटतात, बेडकाचे कपडे शिवून घालतात.

मी विचारलं, “आणि आमच्या खेळातलं कोण आवडलं तुला?”

ती बिचारी विचारात पडली. मग म्हणाली, “तो... उडी मारणारा.”

त्या उडी मारणाऱ्याला मी नाव दिलं होतं, गं. चांगलं वर्षभर डोकं खाजवून दिलं होतं.

ऑफिसातली काचेमागची खोली तुला आठवते ना? शाळा सुटली की तू तिथेच येऊन बसायचीस. आत लोक आमचा खेळ खेळून बघायचे आणि बाहेर मी त्यांच्या भुवया बघत उभा असायचो. भुवई आक्रसली की ती जागा अवघड. संध्याकाळपर्यंत मी ती सपाट करून टाकायचो. शिवाय ती मुभा. उडी मारायला उशीर झाला, पाय फळीवरून सुटला, तरी आम्ही क्षणभर ती उडी धरून घ्यायचो. थोडी मुभा सगळेच देतात, नाहीतर खेळ खेळवत नाही. मी ढिगाने दिली. त्यातली खुबी अशी, की खेळणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. आपणच पोचलो असं त्याला वाटलं पाहिजे. मला या गोष्टीचा फार अभिमान होता.

आता वाटतं, आमच्या खेळात कुणी कधी अडकलंच नाही, म्हणून कुणाला कुणाकडे जाऊन ‘तू इथून कसा गेलास’ असं विचारावंच लागलं नाही. लोकांनी खेळ संपवला, छान म्हणाले, आणि ठेवून दिला. भांडायला काही शिल्लकच नव्हतं. सगळी दारं उघडत होती.

आता दुसरी बातमी, जी मला ठाऊक असायला नको. तू आईच्या टॅबलेटवर तुझा खेळ पाठवलास. तिच्याकडे पाठवलास, माझ्याकडे नाही, हे मला बरोब्बर समजलं आहे.

आईने आयुष्यात माझा एक खेळ धड पूर्ण केलेला नाही. ‘छान आहे हो’ म्हणून ती कणीक मळायला जायची. तुझ्या खेळासाठी तिने दोनदा दूध उतू घालवलं. ते एकाच पायात मोजा घातलेलं तुझं पात्र, त्याचा दुसरा मोजा कुठे गेला यावरून तिचं आणि मावशीचं फोनवर वाजलं आहे. मावशी म्हणते हरवला. आई म्हणते, ज्याने एक इतका जपलाय तो दुसरा हरवायचा नाही, त्याने तो कुणालातरी दिलाय. काल दोघी बोलत नव्हत्या. आज सकाळी मावशीचा पुन्हा फोन आला, “ताई, तिसऱ्या फळीवरून कशी गेलीस ते तेवढं सांग, मग नको बोलूस.”

मी पेपर वाचत असल्याचं दाखवत ऐकत होतो. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि ते माझ्याच स्वयंपाकघरात, पण तुझ्या खेळासाठी चाललं होतं. आनंद झाला. वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू.

खेळांच्या प्रदर्शनवाल्यांनी तुला काय कळवलंय तेही आईकडून समजलं. तिसरी फळी रुंद करून सोपी केलीस तर मोठ्या दालनात जागा, नाहीतर मागच्या कोपऱ्यात एक टेबल, आणि शुक्रवारपर्यंत उत्तर हवं. निवड करणाऱ्यांत माझे दोस्त चष्मेकाका आहेत हेही तुला माहीत असणार.

त्यांचं नाव आलंच आहे, तर त्या नोकरीबद्दल. तुझी पहिली नोकरी मी चष्मेकाकांना सांगून लावली, हे तुला भर पार्टीत त्यांच्याच तोंडून कळलं. तू हातातली बशी खाली ठेवलीस आणि निघून गेलीस. तेव्हा मी म्हणत होतो, बापाने एवढंही करू नये का. आता तसं म्हणत नाही. तू पोचली होतीस की नाही, हे तुला कधीच कळू शकणार नाही असं मी करून ठेवलं.

मंगळवारी मी चष्मेकाकांचा नंबर काढला होता. आईने बघितलं. गॅस बंद करून ती माझ्यासमोर येऊन बसली. मी फोन ठेवून दिला. त्यानंतर उचललेला नाही. मोठं दालन मिळालं तर ते तुझं, कोपरा मिळाला तर तोही तुझाच. फळीचं काय करायचं ते तू ठरव. तू मत विचारलेलं नाहीस आणि मी ते देणार नाही, जरी आईच्या मते मी या पत्रात दुसरं काहीच केलेलं नाही.

फक्त एक विनंती. आई बाहेर गेली की मीही खेळतो. दुसऱ्या फळीपर्यंत नीट जातो. तिसरीवर पडतो. नेमकं का पडतो तेही मला कळतं, माझा पाय सुटल्यावर मी उडी मारतो. कुणीतरी धरेल अशी सवय लागली आहे. आईला विचारलं तर म्हणाली, “माझ्याकडून नाही कळायचं. जिने केलाय तिला विचारा.”

म्हणून विचारतो आहे. पलीकडे कसं यायचं ते सांगशील का? घाई नाही. तोवर मी पडत राहीन.

तिसऱ्या फळीच्या अलीकडून,
तुझा बाबा