गुंडूला हाक कशी मारायची

सित्रा, बहारीन
१९ ऑक्टोबर १९९६

तीर्थस्वरूप शेवंतीआत्येच्या पायांशी भाचा प्रशांत याचा साष्टांग नमस्कार. (इथे दोन खाटांच्या मध्ये साष्टांग घालण्याइतकी जागा नाही, तेव्हा मनातल्या मनात घातला आहे.) तुझा गुडघा कसा आहे? चोळायचं तेल संपलं असेल तर कळव, इकडून कोणी निघालं की पाठवतो. गाय व्याली का? मी बरा आहे. म्हणजे पत्रात लिहितात तेवढा बरा आहे.

तुझं चार पानी उत्तर मिळालं. गावात विहिरी किती, देवळाच्या पायऱ्या किती, होळीचा मान कोणाचा, हे सगळं बहारीनमध्ये बसून तुला कशाला हवंय, कोणाची जमीन विकायला काढलीस की काय, असं तू विचारलं आहेस. नाही गं बाई! मी परीक्षेला बसलो होतो. नागरिकत्वाच्या. बहारीनच्या नव्हे, ते आपल्याला कोण देतंय! आपल्या माडवण्याच्या. बहारीनमध्ये शिरायला मला पासपोर्ट, चार फोटो आणि एक इंजेक्शन पुरलं. माडवण्यात शिरायला महिनाभर पाठांतर करावं लागलं, तेही माडवण्यापासून इतक्या लांब.

झालं असं, की मी राहतो ती कंपनीची खोली आठ जणांची, आणि त्यात मराठी बोलणारा मी एकटा. बाकीचे सगळे केरळचे, माणसं सोन्यासारखी. पण आत्ये, अडीच महिने झाले, कामावर इंग्रजी, जेवताना हिंदी, मुकादमाशी यल्ला (चल लवकर) आणि खलास (संपलं). मराठी बोलायची म्हणजे न्हाणीघरात एकट्याने. (मी आत गेलो की हे लोक आवाज हळू करतात. मी देवाचं म्हणतो, असा त्यांचा समज आहे. मी तिथे मुकादमाला शिव्या देत असतो.) खरं सांगतो, एकदा तर रडूच आलं. आणि अशात मला कळलं, की मनामाच्या सूकमागे, म्हणजे जुन्या बाजारामागे, एका शिंप्याच्या दुकानावर माडवणेकरांची खोली आहे. सात खाटा, सातही माणसं आपल्या गावची, आणि त्यातला एक जण कायमचा घरी गेल्याने एक खाट रिकामी. कंपनीची हरकत नव्हती. मी पुढच्याच शुक्रवारी बॅग घेऊन हजर!

खोलीचे मुख्य म्हणजे दत्ताराम. एकोणीस वर्षं इथे आहेत, कामगारांची बस चालवतात, आणि माणसाकडे बघतातही आरशातून बघितल्यासारखे, मान न वळवता. त्यांनी बॅगेकडे बघितलं आणि विचारलं, “तू कोणाचो?” मी बाबांचं नाव सांगितलं. “म्हणजे इचलकरंजीक गेलो, त्याचो झील? अरे, मग तू घाटी!” झालं. तीस वर्षांपूर्वी बाबा पोटासाठी सूतगिरणीत गेले, त्याची शिक्षा मला बहारीनमध्ये. गावचा असल्याची खात्री पटल्याशिवाय खाट नाही, दोन महिन्यांनी परीक्षा, असा निकाल देऊन त्यांनी मला चहा पाजला आणि बॅगेसकट परत पाठवलं.

म्हणून तुला ते पत्र. तुझी उत्तरं मी सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर उतरवली आणि सित्र्याच्या बसमध्ये घोकली. शेजारच्या खाटेवरच्या सोबत्याला हिंदी वाचता येतं, तो माझी उजळणी घ्यायचा. तो आता आपल्या अकराही विहिरी गाण्यासारख्या म्हणतो. मी नापास झालो असतो तरी तो पहिल्या वर्गात पास झाला असता.

काल शुक्रवारी दुपारी परीक्षा झाली. आधी प्रात्यक्षिक, म्हणजे जेवण. राजन म्हणून एक एसी दुरुस्त करणारा गडी आहे, त्याने बांगड्याचं तिखलं केलं होतं. वास असा, की मी गहिवरलो आणि गहिवरलेल्या अवस्थेत पहिल्याच घासाला तिरफळ चावलं. आत्ये, तू चार पानं लिहिलीस, त्यात तिरफळ बाजूला काढून ठेवायचं असतं, एवढी एक ओळ लिहायला काय झालं होतं? मला वाटलं मोठं मिरं आहे. जीभ आधी मुंग्यांनी भरली, मग कुठे गेली कळेना. सातही जण, नाही, सहाही जण माझ्याकडे बघत राहिले. दत्तारामनी फक्त “घाटी” म्हणून पाण्याचा तांब्या सरकवला.

तोंडी परीक्षा मी त्याच तोंडाने दिली. विहिरी बरोबर. पायऱ्या बरोबर. होळीचा मानही बरोबर. मग शेवटचा प्रश्न आला, एसटीतून उतरलास की घरी कसा जाशील? मी तुझ्या पत्राप्रमाणे ठोकून दिलं, की रिक्षा करायची, नवीन पुलावरून दहा मिनिटं. (‘पूल’ म्हणालो, पण ऐकू आलं ‘फूल’.) उत्तर चुकलं. पूल झाला हे त्यांना माहीत होतं. पण गावाला जायचा रस्ता खाडीवरून, होडीतून, हे काय सांगायला हवं? राजन उठलाच. दोन्ही हात तोंडाशी धरून, होडीवाल्या गुंडूला पलीकडच्या काठावरून हाक कशी मारायची ते त्याने करून दाखवलं. “ओऽऽ गुंडूऽऽऽ!” खालच्या शिंप्याने मशीन थांबवलं. मग एकेक जण सुरू झाला. गुंडूने पोहायला शिकवलं म्हणजे मधोमध होडीतून ढकलून दिलं. मुंबईला निघालो तेव्हा गुंडूने होडीचं काही घेतलं नाही, आलास की दे म्हणाला. गावी जाऊन कोणाला सात वर्षं झाली होती, कोणाला नऊ. सुट्टी मिळते, पण बायकामुलं नालासोपाऱ्याला, तिथेच दोन महिने संपतात.

आणि मग दत्तारामनी मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं. “गुंडू कसो आसा?”

तुझ्या पत्राचं तिसरं पान माझ्या खिशात होतं. गेल्या शिमग्यात गुंडू वारला, पूल झाल्यापासून खचलाच होता, असं तू लिहिलं आहेस. मी सहा तोंडांकडे बघितलं. राजनचे हात अजून तोंडाशीच होते. मी म्हणालो, बरा आहे. काठावर बसून असतो. सगळ्यांची चौकशी करतो.

खाट मिळाली. एक तारखेपासून मी माडवणेकर. बाबांना कळव, पण त्यांच्या हातून झालेली चूक मी दुरुस्त केली, अशा शब्दांत नको.

तुझा (आता पक्का गावचा)
प्रशांत

ता. क. तिरफळ अजून उतरलेलं नाही.

ता. क. २. मुख्य काम राहिलंच. गावाहून आलेलं पत्र इथे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची पद्धत आहे, आणि ते वाचणार राजन. तेव्हा पुढच्या पत्रात दोन ओळी गुंडूच्या घालशील का? बरा आहे, एवढंच. तुला खोटं लिहायला लावतो, त्याचं पाप माझ्या माथी.

ता. क. ३. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून हे, दुसऱ्या दिवशी. आज सकाळी कामावर नेणाऱ्या बसवर दत्ताराम होते. सगळे उतरल्यावर, आरशात बघतच मला म्हणाले, “गुंडू गेलो, माका ठाऊक आसा.” त्यांच्या बहिणीने, अरुणाने, शिमग्यातच कळवलं होतं. खोलीत त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. तुला काय लिहायला सांगतोय ते मी त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, आत्येला म्हणावं गुंडूला थोडा खोकला घाल, अगदीच ठणठणीत लिहिलंस तर राजनचा विश्वास बसायचा नाही.