गाडी रात्री कुठे झोपते

ओतो,

मारियामातेची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. तुझी गाडी सापडली! चोरांनी मासळी बाजारामागे टाकली होती, रेडिओ तेवढा गेलाय. शेजारच्या बेनेदितोला घेऊन आणायला चाललेय. राजमा शिजवलाय, भात लाव. चार दिवस धड जेवला नाहीस, आज पोटभर खा.

तू कामावर गेलास आणि विमा कंपनीचा माणूस आला. म्हणाला, "आजी, गाडी रात्री कुठे झोपते?" आपल्या साओ गोन्सालोत चोऱ्या फार, विम्याचा हप्ता दुप्पट पडतो, म्हणून तू कागदावर डोंगरातल्या नाइरमावशीचा पत्ता दिलास, ते मला ठाऊक होतं. खोटं पकडलं तर दमडी मिळणार नाही, हेही. मी म्हटलं, "डोंगरातच की! इथल्या उकाड्यात तिला झोप कुठली? मावशी रोज गोधडी घालते तिच्यावर." हसून हसून त्याला ठसका लागला. तेवढ्यात पोलिसांचा फोन आला.

बरं, एक थाप आहे. गोधडीबिधडी काही म्हटलं नाही मी. गाडी आपल्याच आंब्याखाली असते, असं खरं सांगून टाकलं. आता हप्ता वाढेल, तो मुकाट्यानं भर.

आज्जी