चुलीपाशी सापडलेला चेहरा

टेमघर, १९७४. शनिवार, दिवेलागण.

लिही गं सुलभा, मला अक्षर येत नाही म्हणून गाळू नको काही. शेजारचे कापडाचे लूम खडखडतायत, मोठ्यानं सांगते. आज तुझे आजोबा सापडले.

ते गेले, पण मागं त्यांचा फोटो एकही न्हाय. तुझ्या लग्नाच्या मांडवात तसबीर हवी, म्हणून दुकानांच्या पाट्या रंगवणारा इस्माईल आला. "आजी, नाक कसं होतं?" पाठ विचार ना, पाठीवरचा तीळसुद्धा सांगते. जन्मभर मागून चालले. नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची रीत होती का आमच्यात? नणंदेनं नाक आधी लांब सांगितलं, मग आखूड. इस्माईल कुंचले आवरायला लागला. गेलाच का चेहरा?

काय सुचलं कोण जाणे, चुलीपाशी जाऊन बसले. त्यांना तांदळाची भाकरी वाढायचे तशीच, मान खाली. आणि हळूच वर बघितलं. रोज तेवढंच तर बघायचे, चोरून. दिसले. पाटावर बसलेले, उजवी भुवई चढलेली, आणखी अर्धी मागायच्या बेतात. ती भुवई कशी विसरले होते मी? मी सांगत गेले, इस्माईल काढत गेला. भुवई तीनदा पुसायला लावली. जागेवरून हलले नाही, उठले तर जातील म्हणून.

नणंद तसबिरीपुढं आली. "वहिनी, दादाच हाय. पण असा बघताना मी कधी पाहिला न्हाय."

म्हटलं, "बाई, तुझ्याकडं तसे कशाला बघतील ते?"